विजेची लहर पाहताना

कला शाखेच्या विद्यार्थ्याने ऑसिलोस्कोपवर लेख लिहावा, हे काही मित्रांना चमत्कारिक वाटेल. ‘तू सायन्सचा आहेस का?’ हा प्रश्न मला वर्षभरात अनेकांनी विचारला. मी इतिहास आणि मराठी घेऊन बी. ए. करीत आहे, हे खरे. परंतु संध्याकाळी मी वाशीममध्ये आमच्या एका काकांच्या दुरुस्तीच्या दुकानात बसतो, आणि तेथेच मला या यंत्राचा छंद जडला. हे यंत्र काय करते, ते घेताना काय पाहावे आणि घेतल्यावर त्यात काय सुधारता येते, एवढेच येथे सांगायचे आहे.

मल्टिमीटर बहुतेकांच्या पाहण्यातला असतो. तो आकडा सांगतो. परंतु वीज क्षणाक्षणाला बदलत असते, आणि तो बदल एका आकड्यात मावत नाही. ऑसिलोस्कोप त्या बदलाचा आलेख काढतो. पडद्यावर आडव्या दिशेने वेळ आणि उभ्या दिशेने व्होल्ट. आपल्या घरातील वीज सेकंदाला ५० वेळा दिशा बदलून परत येते, म्हणजे तिची एक पूर्ण लहर २० मिलिसेकंदांची. यंत्राच्या टोकाला नुसते बोट लावले, तरी भिंतींतल्या तारांमुळे अंगात उमटलेली ही लहर पडद्यावर दिसते.

याचा उपयोग काय, ते एका उदाहरणाने सांगतो. रोही आणि रानडुकरे पिकात शिरू नयेत म्हणून आपल्याकडे शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात. ते बंद पडले, तर एका रात्रीत हरभऱ्याची नासाडी होते. असेच एक यंत्र दुकानात आले. मालक म्हणाले, “मीटर त बारा दाखवून राह्यलं, मंग झटका काहून नाही?” आम्ही कुंपणाची तार काढून टाकली आणि फक्त बॅटरीच्या बाजूला ऑसिलोस्कोप लावला. प्रत्येक झटक्यानंतर यंत्र पुन्हा भरू लागले, की बारा व्होल्ट काही मिलिसेकंद आठाच्याही खाली जात. मीटर सरासरी दाखवीत होता, म्हणून त्याला हा खड्डा दिसत नव्हता. दोष गंजलेल्या क्लिपेत निघाला. नवे मशीन घेण्याचा खर्च वाचला.

या यंत्राचा इतिहास थोडक्यात असा. १८९७ साली कार्ल फर्डिनांड ब्राऊन या जर्मन शास्त्रज्ञाने कॅथोड किरण नळी तयार केली. तिच्या पडद्यावर विजेच्या हालचाली प्रकाशाच्या ठिपक्याने दिसू लागल्या. पुढे अमेरिकेत टेक्ट्रॉनिक्स कंपनीने १९४७ मध्ये ५११ हा नमुना विक्रीस आणला. लहर ठरावीक पातळीला पोहोचली, की तेथूनच रेघ सुरू करण्याची सोय त्यात होती. त्यामुळे चित्र पडद्यावर स्थिर राहू लागले. आपल्या महाराष्ट्रात प्रभाकर देवधर यांनी १९६२ मध्ये ठाण्यात ॲपलॅब ही कंपनी सुरू केली. तिने ऑसिलोस्कोपही बनविले.

आता खरेदीकडे वळू. पहिली गोष्ट म्हणजे बँडविड्थ, अर्थात यंत्र किती वेगाची लहर प्रामाणिकपणे दाखवू शकते ती मर्यादा. जी लहर पाहायची, तिच्या पाचपट बँडविड्थ असावी असा सर्वसाधारण दंडक आहे. दुसरी गोष्ट म्हणजे नमुने घेण्याचा वेग. डिजिटल यंत्र लहर अखंड पाहत नाही. ठरावीक अंतराने तिचे बिंदू घेते. बिंदू फार विरळ पडले, तर भलतीच लहर दिसते. सिनेमात धावत्या टांग्याचे चाक कधी कधी उलटे फिरताना दिसते ना, तसेच हे.

जुने, काचेच्या नळीचे यंत्र मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात कधी स्वस्तात मिळते. ते चालू करून पाहिल्याशिवाय घेऊ नये. रेघ बारीक व स्पष्ट होते का, दोन्ही चॅनेल चालतात का, बटणे फिरवताना रेघ उड्या मारते का, हे तपासावे. आतल्या नळीला हजारो व्होल्ट लागतात आणि यंत्र बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. म्हणून जाणकार सोबत असल्याशिवाय झाकण उघडू नये.

नव्या चांगल्या यंत्राची किंमत म्हणजे आमच्या घरचा कित्येक महिन्यांचा खर्च. आमच्या घरात कॉलेजात येणारा मी पहिलाच. फी भरल्यानंतर अशा वस्तूसाठी बाबांकडे पैसे मागणे मला शक्य नव्हते. सोयाबीन सोंगणीच्या मजुरीतून मी डीएसओ-१३८ हा सुटा संच मागवला. त्याचे भाग आपणच डाग देऊन जोडायचे. तो सेकंदाला १० लाख नमुने घेतो आणि त्याची बँडविड्थ २०० किलोहर्ट्‌झ आहे. ॲम्प्लिफायर आणि झटका मशीन यांसाठी एवढे पुरते.

त्यात मी तीन सुधारणा केल्या. अडॅप्टरची खरखर पडद्यावर येत होती, म्हणून त्याला ९ व्होल्टची बॅटरी जोडली. मग प्लॅस्टिकच्या डब्यात आतून ॲल्युमिनियमचा कागद चिकटवून तो ग्राउंडला जोडला, आणि कागद सर्किटला टेकू नये म्हणून मध्ये पुठ्ठा घातला. बाहेरची गुणगुण कमी झाली. शेवटी दहापट प्रोब घेतला. त्यात ९ मेगाओहमचा रोध असतो. यंत्राच्या १ मेगाओहमशी मिळून तो दाब एक दशांश करतो आणि तपासायच्या सर्किटवर भारही कमी पडतो. प्रोबवरचा छोटा स्क्रू फिरवून चौकोनी लहरीचे कोपरे सरळ करून घ्यावे लागतात. एवढे करूनही घरच्या २३० व्होल्टला हे यंत्र थेट लावायचे नाही, हा नियम मी कधीही मोडत नाही.

माझ्या यंत्राची २०० किलोहर्ट्‌झची मर्यादा त्याच्या घटकांतच आहे. कोणत्याही युक्तीने ती हटणार नाही. पण सर्वच मर्यादा अशा नसतात. चीनच्या रिगॉल कंपनीच्या डीएस १०५२ ई या ५० मेगाहर्ट्‌झच्या नमुन्याचे आतील सर्किट १०० मेगाहर्ट्‌झच्या महाग नमुन्यासारखेच होते. अडसर मुख्यतः सॉफ्टवेअरमध्ये होता. २०१० च्या सुमारास छांदिष्टांनी तो काढून दाखविला. हे योग्य की अयोग्य? काहींच्या मते या कुलपामुळेच कंपनीला एक नमुना स्वस्तात देता येतो. इतर म्हणतात, पैसे मोजून घेतलेल्या वस्तूत काय बदल करावा हा मालकाचा प्रश्न. स्वतःच्या अभ्यासासाठी कुलूप काढणारा मला चोर वाटत नाही. पण तेच यंत्र १०० मेगाहर्ट्‌झचे म्हणून दुसऱ्याला विकणे ही फसवणूकच.

तात्पर्य, कोणतेही यंत्र घेताना त्याची कोणती मर्यादा घडणीतली आहे आणि कोणती वरून चिकटवलेली, हे विचारावे. ‘हे सायन्सवाल्यांचे काम’ ही मर्यादा मला तरी दुसऱ्या प्रकारची वाटते. प्राध्यापक महोदयांना एकच विनंती आहे. प्रयोगशाळेतील जुना ऑसिलोस्कोप भंगारात काढण्यापूर्वी तो एक दिवस सर्व शाखांच्या मुलामुलींसमोर मांडावा. बॅटरी आणि प्रोब घेऊन मी हजर राहीन.

— बी. ए. द्वितीय वर्ष