पोखरलेले हाड : दोन वैद्यके, दोन कारणे

घरातल्या घरात पाय घसरून वृद्धेचा खुबा मोडतो, तेव्हा आपण दोष ओल्या फरशीला देतो. हाड मात्र आधीच आतून विरळ झालेले असते. श्रोतेहो, हाडात जुने झिजविणाऱ्या व नवे रचणाऱ्या पेशींचे कार्य अखंड चालते. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटते आणि झीज वरचढ होते. अमेरिकेतील फुलर अल्ब्राइट यांनी १९४१ मध्ये हा संबंध मांडला.

‘हुआंगदी नेइजिंग’ हा प्राचीन चिनी वैद्यकग्रंथ स्त्रीचे आयुष्य सात-सात वर्षांनी मोजतो, ४९ व्या वर्षी ऋतू थांबतो असे सांगतो आणि अस्थी व मज्जा मूत्रपिंडाच्या अधीन मानतो. ‘ड’ जीवनसत्त्वाचे क्रियाशील रूप मुख्यत्वे मूत्रपिंडातच सिद्ध होते, हे साम्य मोहक खरे. परंतु चिनी वैद्यांचे मूत्रपिंड म्हणजे केवळ अवयव नव्हे, जीवनसाराच्या साठ्याची ती कल्पना आहे. शिवाय हाडांची घनता नाडीवरून कळत नाही. ती यंत्रानेच मोजावी लागते.