सर्व्हरवर चढविण्याचें काम

१ ऑगस्ट २०१२ रोजीं न्यूयॉर्कचा शेअरबाजार उघडला आणि नाइट कॅपिटल नांवाच्या दलाली पेढीवर अवघ्या पाऊण तासांत सुमारें ४६ कोटी डॉलरांचें नुकसान ओढवलें. पेढीवर दरोडा पडला नव्हता, कीं बाजार कोसळला नव्हता. खरेदीविक्रीच्या मागण्या बाजाराकडे पाठविणारा नवा कोड पेढीच्या आठ सर्व्हरांवर चढवावयाचा होता. ज्याच्याकडे हें काम होतें त्यानें तो सातांवर चढविला आणि आठवा राहून गेला. त्या आठव्यावर कित्येक वर्षें वापरांत नसलेला जुना कोड पडून होता. नव्या कोडास जागें करण्यासाठीं जी खूण योजिली होती, तीच पूर्वीं त्या जुन्या कोडाची होती. खूण मिळतांच तो जागा झाला व मागण्यांमागून मागण्या धाडीत सुटला. हातानें केलेलें हें काम दुसऱ्या कोणी तपासावें, असा त्या पेढींत लेखी नियम नव्हता.

एवढी मोठी पेढी जेथें ठेंचाळली, तेथें लहान दुकानदारानें काय करावें? समजा, पुण्यांतील एखादा पुस्तकविक्रेता दिवाळी अंकांच्या मागण्या वेब ॲप्लिकेशनवर घेतो. त्याला स्वतःचा सर्व्हर विकत घेण्याचें कारण नाहीं. ॲमेझॉन कंपनीनें २००६ सालीं सर्व्हर भाड्यानें देण्यास आरंभ केला. यासच क्लाउड म्हणतात. तिचें असें केंद्र २०१६ सालीं मुंबईंतही उघडलें. भाड्याच्या घरांत सामान हलविण्याचें काम मात्र राहतेंच, आणि तेंच नेमकें धोक्याचें असतें. तें माणसाच्या स्मरणावर न सोपवितां ठरलेल्या क्रमानें यंत्राकडून करून घेणें, यालाच पाइपलाइन असें नांव आहे.

पाइपलाइनीचा आरंभ गिटपासून होतो. लिनस टोरवाल्ड्स यांनीं २००५ सालीं रचलेली ही कोडाची रोजकीर्दच होय. कोणी, केव्हां, कोणती ओळ बदलली याची नोंद तींत राहते. नवी नोंद होतांच पाइपलाइन आपण होऊन चालूं लागते व प्रथम चांचण्या घेते. ३०० रुपयांच्या संचावर दहा टक्के सूट दिली तर गिऱ्हाइकाकडून २७० रुपये घ्यावयाचे. चुकून सुटीचीच रक्कम किंमत म्हणून धरली गेली, तर संच ३० रुपयांस जाईल! उत्तर २७० आलें नाहीं तर पाइपलाइन तेथेंच थांबते आणि जुनें ॲप्लिकेशन दुकानांत निर्वेधपणें चालूं राहतें.

चांचणी उतरली म्हणजे कोड व त्याला लागणारें सर्व साहित्य एका पेटींत बंद केलें जातें. २०१३ सालीं पुढें आलेल्या डॉकर या साधनानें ही रीत सर्वत्र रूढ केली. तीच पेटी प्रथम तालमीच्या सर्व्हरवर उघडतात. तेथें ठीक चालली तर तीच, न बदलतां, खऱ्या सर्व्हरवर जाते. सर्व्हर एक असो वा आठ, यादींतील प्रत्येकावर ती पोहोंचली कीं नाहीं हें यंत्र पाहतें व एकही चुकला तर तसें कळवितें. पैशांच्या व्यवहाराच्या किल्ल्या मात्र या पेटींत कधींही ठेवूं नयेत. त्या क्लाउडमधील वेगळ्या तिजोरींत असाव्यात.

मागें फिरण्याची वाटही आधींच आंखलेली असावी. नाइट कॅपिटलमध्यें गोंधळ उडाल्यावर सात सर्व्हरांवरचा नवा, बिनचूक कोडच घाईनें काढून टाकण्यांत आला. परिणामीं त्या सातांवरही जुना कोड जागा झाला. आदली पेटी जपून ठेवलेली असेल, तर ती पुन्हां उघडणें हें थोड्या वेळाचें काम आहे. हिशेबाच्या डेटाबेसची गोष्ट निराळी. त्यांतून पुसलें गेलेलें खातें आदल्या पेटीनें परत येत नाहीं. त्यासाठीं रोजची वेगळी प्रत लागते, आणि त्या प्रतीवरून खातें खरोखर परत उभें राहतें कीं नाहीं हें मधूनमधून करून पाहावें लागतें.

यंत्र कंटाळत नाहीं व आठवा सर्व्हर विसरत नाहीं. परंतु काय तपासावें हें त्याला माणसानेंच सांगावें लागतें. सुटीची चांचणी कोणी लिहिलीच नाहीं, तर चुकीचा हिशेबही पाइपलाइन तितक्याच तत्परतेनें दुकानांत नेऊन पोहोंचवील. आणि यंत्रानें दिलेला इशारा कोणी वाचलाही पाहिजे. त्या दिवशीं बाजार उघडण्यापूर्वींच नाइट कॅपिटलच्या यंत्रणेनें ९७ ई-मेल धाडले होते; त्यांची दखल कोणी घेतली नाहीं.

म्हणून दुकानदारानें आपल्या प्रोग्रॅमरास तीन प्रश्न अवश्य विचारावे: कोड चढविण्यापूर्वीं काय तपासलें जातें? बिघडल्यास मागें कसें फिरावयाचें? आणि इशारा आला तर तो कोण वाचणार? तिहींचीं उत्तरें लेखी मिळालीं, तर दिवाळीच्या गर्दींतही त्याला निश्चिंत राहतां येईल.