शंभर उपकरणांची आरेखने

पुण्याच्या शिवाजीनगर भागात ‘सिमला ऑफिस’ नावाचा चौक आहे. गाव पुणे आणि नाव सिमल्याचे, याचे नवागताला नवल वाटते. १९२८ साली हवामान खात्याचे मुख्यालय सिमल्याहून येथे आले आणि पुणेकरांनी जुने नाव काही सोडले नाही, इतकाच त्याचा उलगडा. पुढे मुख्यालय दिल्लीस गेले. उपकरणांचे काम मात्र पुण्यात चालू राहिले. १९४८ साली कुमारी अ‍ॅना मणी या विभागात रुजू झाल्या.

त्यांचा जन्म १९१८ साली त्रावणकोर संस्थानातील पीरमेड येथे झाला. बंगलोरला सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी हिरे व माणके यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला आणि केवळ स्वतःच्या नावाने पाच शोधनिबंध प्रसिद्ध केले. तरीही १९४५ साली सादर केलेल्या प्रबंधाला मद्रास विद्यापीठाने डॉक्टरेट दिली नाही. कारण त्यांच्यापाशी एम. एस्‌सी.ची पदवी नव्हती! त्यानंतर शिष्यवृत्तीवर त्या लंडनला गेल्या आणि हवामानाच्या उपकरणांचे शास्त्र शिकून परतल्या.

त्या काळी ही उपकरणे इंग्लंडहून येत. पण उपकरण हाती असणे निराळे आणि ते घडविण्याची विद्या हाती असणे निराळे. साध्या पर्जन्यमापकाचेच पाहा. त्यात साठलेल्या पाण्याला तोंडाच्या क्षेत्रफळाने भागले म्हणजे पावसाचे मान निघते. दहा कारागिरांनी दहा अंदाजांनी तोंड कापले, तर दहा गावांचा पाऊस एकमेकांशी ताडून कसा पाहावा?

सरकारी कचेरीत माहिती पायरीपायरीने वर चढते आणि खाली उतरते ती बहुधा हुकूम होऊन. जाणत्या कारागिराची विद्या त्याच्याबरोबरच निवृत्त होते. वरिष्ठालाही ती कागदावर मांडण्याची घाई नसते, कारण जे आपल्यालाच ठाऊक त्यावर आपला मान टिकतो, अशी समजूत असते. १९५३ साली मणीबाई विभागप्रमुख झाल्या, तेव्हा त्यांच्या हाताखाली १२१ पुरुष होते. अशा स्थितीत विद्या मुठीत ठेवण्याचा मोह एखाद्या स्त्रीला झाला असता, तर तिला फारसा दोष देता आला नसता. मणीबाईंनी मात्र जवळजवळ शंभर उपकरणांची प्रमाणित आरेखने सिद्ध करून घेतली आणि त्यांबरहुकूम उत्पादन सुरू केले. आरेखनात माप, धातू, जोड सारेच उघड लिहिलेले असते. ते पाहून कनिष्ठ कामगारालाही साहेबांना न विचारता काम तपासता येते, आणि साहेबांची चूकही दाखविता येते. चुकीच्या मापापेक्षा माप न घेतलेले बरे, असे मानणाऱ्या बाईंना त्यात कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

१९५७-५८ या आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षात त्यांनी सौर प्रारण मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे देशात उभारले. १९७६ साली उपमहासंचालक या पदावरून त्या निवृत्त झाल्या. पुढे १९८० व १९८१ साली भारतातील सौर प्रारणाविषयी त्यांचे दोन ग्रंथ निघाले. वर्षानुवर्षांच्या नोंदी त्यांमुळे सौर ऊर्जेवर काम करणाऱ्या कोणाही अभियंत्याला खुल्या झाल्या.

२००१ साली तिरुवनंतपुरम येथे त्यांचे निधन झाले. पदवी नाकारलेला तो प्रबंध बंगलोरच्या रामन संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात, पदवी मिळालेल्या इतरांच्या प्रबंधांबरोबर ठेवलेला आहे.