वास न येणारे दुकान

कॉफीच्या दुकानाची परीक्षा नाकाने करायची, अशी आपली जुनी रीत. मुंबईत माटुंग्यासारख्या भागात बुंद डोळ्यांदेखत दळून घ्यावेत आणि ती ऊबदार पुडी पिशवीत टाकून घरी यावे! आता दुकानेच संकेतस्थळाच्या रूपाने घरात आली आहेत. चित्रे मोठी देखणी. पण वास काही त्यांतून येत नाही. मग गिऱ्हाइकाने माल जोखावा कसा?

आमच्या वहिनींनी परवा हे काम माझ्यावर सोपविले. त्यांना स्वतःसाठी फिल्टरची कॉफी हवी होती आणि दिवाळीला मुलीच्या सासरी पाठविण्यासाठी दार्जिलिंगचा चहा.

"भावोजी, पैसे पेन्शनचे आहेत आणि चहा व्याह्यांकडे जायचा आहे. नीट बघून सांगा हं," असे त्यांनी बजावले.

चष्मा पुसून मी एका बड्या दुकानाची पाने चाळायला बसलो. आरंभीच 'राजेशाही', 'स्वर्गीय', 'अंतरात्म्याला साद घालणारा' अशी विशेषणांची आरास! ती बाजूला सारून खाली काय उरते, तेवढेच पाहायचे ठरविले.

कॉफीच्या बाबतीत बरेच उरले. चिकमगळूरचा अरेबिका बुंद, भाजल्याची तारीख, आणि अख्खे दाणे हवेत की फिल्टरसाठी दळून हवेत, ही विचारणा. यांत भाजल्याची तारीख मला सर्वांत मोलाची वाटते. भाजलेल्या दाण्याचा सुगंध काही आठवड्यांत उतरू लागतो आणि दळल्यावर तर फारच लवकर. तारीख छापणारा दुकानदार शिळा माल सहसा गळ्यात मारू शकत नाही.

मात्र त्याच पानावरचे 'खास घरगुती मिश्रण' मी जरा मोठे करून पाहिले. पाकिटाच्या पाठीवर बारीक अक्षरांत चिकोरी चाळीस टक्के! चिकोरी हे एका झाडाचे मूळ. तिने काढा दाट आणि काळा होतो, आणि पुष्कळांना ती चव आवडतेही. तिच्याशी माझे वैर नाही. कायद्याने मिश्रणात निदान ५१ टक्के कॉफी हवी आणि दोहोंचे प्रमाण पाकिटावर छापलेले हवे. पण हिशेब करा : २०० ग्रॅमच्या पाकिटात कॉफी आली १२० ग्रॅमच. दर तोलताना तो याच १२० ग्रॅमांशी तोलावा.

चहाच्या पानावर मात्र माझी निराशा झाली. मथळा 'दार्जिलिंग', आणि खाली हळूच 'दार्जिलिंगच्या धर्तीचा'! आता, दार्जिलिंग हे काही चवीचे नाव नव्हे, ते गावाचे नाव आहे. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेला पहिला माल म्हणजे हाच चहा. ते मानांकन २००४ साली मिळाले. चहा मंडळाच्या मुद्रेवर पाने हाती धरलेली स्त्री असते. ती मुद्रा तिथे नव्हती. मळ्याचे नाव नव्हते. खुडणी कोणती, तेही नव्हते. वसंतातल्या पहिल्या खुडणीचा चहा फिकट आणि ताज्या वासाचा, मे-जूनच्या दुसऱ्या खुडणीचा गडद, द्राक्षासारख्या गंधाचा. दोहोंना एकच नाव देऊन कसे चालेल? 'ऑरेंज पेको' ही अक्षरे तेवढी ठळक होती. त्यांचा संत्र्याशी काही संबंध नसतो बरे का; ती पानाची प्रत आहे, चवीची हमी नव्हे.

मी दुकानाला विचारले, मळा कोणता आणि खुडणी कोणती? उत्तर आले, "आमचे तज्ज्ञ सर्वोत्तम पानेच निवडतात." म्हणजे पुन्हा विशेषणच!

आणखी एक गोष्ट तळाशी जाऊन पाहावी. २०२० च्या ई-व्यापार नियमांप्रमाणे अशा दुकानाने आपले कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार ऐकणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव देणे भाग आहे. या दुकानाने ते दिले होते, हे त्याच्या बाजूने सांगायला हवे.

शेवटी वहिनींची कॉफी तिथूनच मागविली. निव्वळ कॉफी, चिकोरीविना, आणि एका वेळी शंभरच ग्रॅम. चहा दुसऱ्या, साध्यासुध्या दुकानातून. तिथे चित्रे धड नव्हती, पण मळा, खुडणी, साल आणि पाकीट भरल्याचा महिना, सारे लिहिलेले होते. दर अर्थातच जास्त होता. वहिनींनी अंमळ विचार केला आणि पाव किलोऐवजी शंभर ग्रॅम मागविला. सोबत एक चिठ्ठीही लिहिली : "तीन-चार मिनिटांत गाळावा. दूध घालू नये, ही विनंती."