मोटार दमली, की कॉक अडकला?

अकोल्यात प्रवरेकाठी ज्यांचं रान आहे, त्यांना हा प्रश्न नवा नाही. पाइपातून पाणी बारीक येतंय. व्होल्टेज कमी म्हणून मोटार दमली, की वाटेतला कॉक अर्धवट अडकलाय? झडप आणि हृदयाचा स्नायू दोन्ही बिघडलेला रुग्ण आला की डॉक्टरही याच कोड्यात पडतात.

समजा, राजूरकडचे एक सत्तरीतले आजोबा आहेत. घाटवाट सोडाच, ओट्यावर चढतानाही दम लागतो. नाशिकला टूडी इको केला. हृदयातून महाधमनीत रक्त सोडणारी झडप कॅल्शियम साचून ताठरलेली. तिचं तोंड १ चौरस सेंटिमीटरहून लहान. म्हणजे आजार तीव्र. पण तीव्र आजारात झडपेच्या अलीकडच्या-पलीकडच्या दाबात सरासरी ४० मिलिमीटर पारा किंवा त्याहून जास्त फरक दिसतो. आजोबांचा आकडा २५. ‘मग एवढं काही नाही,’ असं म्हणून घरचे सुटकेचा श्वास टाकतात, आणि इथेच फसगत होते.

त्याच रिपोर्टात ईएफ ३० टक्के लिहिलेला असतो. डाव्या कप्प्यात भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्याला किती बाहेर पडतं, त्याचं हे प्रमाण. निरोगी माणसात ते साधारण ५५ ते ७० असतं. रेटाच नसेल तर अडलेल्या कॉकपाशीही दाब साचत नाही. उलटही घडतं: झडप बरी असते, पण अशक्त हृदयाला ती पुरती ढकलून उघडता येत नाही, म्हणून तोंड अरुंद दिसतं.

तेव्हा मोटारीला थोडा वेळ पुरतं व्होल्टेज द्यायचं. डोब्युटामिन हे औषध शिरेतून हळूहळू वाढवत देतात आणि इको चालू ठेवतात. रेटा वाढून फरक ४० च्या वर गेला आणि तोंड अरुंदच राहिलं, तर दोष झडपेचा. तोंड मोठं झालं आणि फरक फारसा वाढला नाही, तर मूळ दुखणं स्नायूचं. नवी झडप बसवून मोठा लाभ नाही. कधी औषधानेही हृदय उचल खात नाही. एका ठोक्याचं रक्त २० टक्केही वाढत नाही. अशांना शस्त्रक्रियेचा धोका जास्त. मग सीटी स्कॅनवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात. पुरुषांत २०००, बायकांत १२०० च्या पुढे गुण गेले, तर झडप खरोखरच अडलेली असण्याची शक्यता दाट.

हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली मायट्रल झडप गळत असेल तर फसवणूक नेमकी उलटी. रक्त मागच्या मागे सहज निसटतं, त्यामुळे ईएफ फुगून चांगला दिसतो. तिथे तो ६० पर्यंत उतरला तरी सावध व्हायचं.

पुढे येतो शस्त्रक्रियेतल्या मृत्यूचा अंदाज. वय, क्रिएटिनिन, मधुमेह, फुप्फुसं, ईएफ हे सगळं भरलं की एसटीएस नावाचं गणित टक्का सांगतं: ४ च्या आत कमी धोका, ८ च्या वर जास्त. पण तो टक्का आजोबांसारख्या पुष्कळांचा असतो, एकट्या आजोबांचा नव्हे. शिवाय जास्त धोका म्हणजे नकार, असंही नाही. २००२ मध्ये फ्रान्समधल्या रुआँ शहरात डॉ. आलँ क्रिबिए यांनी ज्याला छाती न उघडता, रक्तवाहिनीतून महाधमनीची पहिली झडप बसवली, तो रुग्ण शस्त्रक्रियेसाठी नाकारलेला आणि हृदय पार खचलेलाच होता.

एक तपासणी मात्र बिनयंत्राची. आजोबांना नेहमीच्या चालीने ५ मीटर चालायला सांगतात आणि घड्याळ लावतात. ६ सेकंदांहून जास्त लागले, तर अशक्तपणाची खूण म्हणून तीही नोंद फायलीत जाते.