परमुलखातील माणसे आणि आपला धंदा

मांडवी, राजिवडा, मिरकरवाडा या आपल्या रत्नागिरीच्या मोहल्ल्यांतून आखातात नोकरीला जाणे ही जुनी गोष्ट झाली. पण मुलाजिम म्हणून गेलेल्यांपैकी काहीजण पुढे तिथे दुकान किंवा शिलाईचा कारखाना सांभाळू लागतात. हाताखाली केरळचा, बांगलादेशचा, पाकिस्तानचा, मिसरचा, फिलिपिन्सचा माणूस येतो. कापड ओळखणे एक हुन्नर आणि माणूस सांभाळणे दुसरा.

पहिली गफलत होते ती मजहब एक म्हणजे रीतही एक, असे धरून चालण्याची. ‘इन्शाअल्लाह, उद्या माल निघेल’ हे एकाच्या तोंडी पक्का वायदा असतो, तर दुसऱ्याच्या तोंडी अदबीने दिलेला नकार. म्हणून किती ठाण, कोणत्या गाडीने, किती वाजता, हे विचारून लिहून घ्यावे. यात कोणाचा अपमान नाही.

कायदा आणि रिवाज

शेजारच्या दोन मुलखांतही नियम सारखे नाहीत. सौदी अरबस्तानात २०१३ पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. संयुक्त अरब अमिरातीने २०२२ पासून सरकारी सुट्टी शनिवार-रविवार केली. दुबईत शुक्रवारी कचेरी अर्धा दिवस चालते. रविवारी रियाध सुरू आणि दुबईची कचेरी बंद. माल पाठवणाऱ्याने हे आधी पाहिले नाही, तर कागदपत्रे अडकतात आणि दोष बिचाऱ्या कारकुनावर येतो.

रमजानचेही तसेच. सौदी कायद्यात मुस्लिम कामगाराला रोज जास्तीत जास्त ६ तास काम. अमिरातीत रोजचे २ तास कमी होतात, आणि ते रोजा नसणाऱ्या बिगरमुस्लिम कामगारालाही. शिलाईवाल्याचा ईदचा हंगाम तर नेमका याच महिन्यात! जादा काम हवे असेल तर तिथे जादा तासाला मूळ पगाराच्या किमान सव्वापट द्यावे लागतात. ‘घरचेच काम आहे’ म्हणून बसवून घेणे म्हणजे दुसऱ्याचा हक मारणे होय.

आपल्या बंदरावरचा धडा

यासाठी दुबईलाच जायला हवे असे नाही. आपल्याकडे होड्यांवर आणि आंब्याच्या बागांत नेपाळी माणसे कामाला आहेत. पावसाळी बंदी ३१ जुलैला संपते, होड्या समुद्रात जातात आणि ऐन हंगामात त्यांचा मोठा सण दशैं येतो. ईदला आपल्याला घर आठवते, तसेच त्यांनाही आठवते. सुट्टीची पाळी जुलैतच ठरवणारा मालक निश्चिंत राहतो; आयत्या वेळी नाही म्हणणाऱ्याचा खलाशी न सांगता निघून जातो.

हिशेब साधा आहे. कामावर घेतानाच पगार, तास, सुट्टी, गावी जाण्याचे भाडे हे सारे त्याला समजेल अशा भाषेत वाचून दाखवावे. पगार ठरल्या तारखेला द्यावा. अमिरातीत तो बँकेमार्फत देण्याची व्यवस्था २००९ पासून आहे. पासपोर्ट ज्याचा त्याच्याकडे राहू द्यावा. चूक झाली तर गिऱ्हाइकासमोर न बोलता बाजूला घेऊन सांगावी. कोणी तोंडावर भांडतो, कोणी गप्प राहून दुसरी नोकरी शोधतो. गप्प बसणाऱ्याची विचारपूस आधी करावी. शिकलेला कारागीर हंगामात निघून गेला, तर त्याची जागा पैशाने लगेच भरत नाही.