वैद्यकीय भौतिकीतील पदव्युत्तर शिक्षण

वैद्यकीय भौतिकी ही भौतिकीची तत्त्वे रोगनिदान व उपचार यांसाठी वापरणारी उपयोजित विज्ञानशाखा आहे. कर्करोगाचे निदान आणि किरणोपचार हे तिचे सर्वांत विस्तृत कार्यक्षेत्र होय. रुग्णाला किती किरणमात्रा द्यावयाची हे कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात; ती मात्रा तेवढीच आणि ठरलेल्या जागीच पोहोचेल, याची खातरजमा वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ करतो. या कामासाठी भारतात विशेष पदव्युत्तर शिक्षण आणि त्यानंतर रुग्णालयातील आंतरवासिता आवश्यक असते.

शिक्षणाची गरज

शोषित किरणमात्रा ‘ग्रे’ या एककात मोजतात. एक किलोग्रॅम पदार्थात एक जूल ऊर्जा शोषली गेली, तर ती मात्रा एक ग्रे असते. प्रचलित किरणोपचारात दररोज साधारण २ ग्रे याप्रमाणे काही आठवडे मात्रा दिली जाते. मात्रा कमी पडल्यास अर्बुदातील पेशी जिवंत राहून रोग उलटू शकतो. जास्त झाल्यास शेजारच्या निरोगी ऊतींना कायमची इजा होऊ शकते. या दोन मर्यादांमधील अंतर थोडे असते. म्हणूनच आंतरराष्ट्रीय किरणोत्सार एकक व मापन आयोगाने १९७६ मध्ये, प्रत्यक्ष दिलेली मात्रा ठरवलेल्या मात्रेपेक्षा ५ टक्क्यांहून अधिक कमी-जास्त नसावी, अशी शिफारस केली.

मापनातील चुकीचे एक वैशिष्ट्य असे, की ती एका रुग्णापुरती मर्यादित राहत नाही. यंत्राची तीव्रता एकदा चुकीची नोंदली गेली, तर त्यावर उपचार घेणाऱ्या प्रत्येक रुग्णाची मात्रा चुकते. कोस्टा रिकाच्या सॅन होसे शहरातील एका रुग्णालयात १९९६ मध्ये कोबाल्टचा स्रोत बदलल्यानंतर मात्रा-दराची गणना चुकली आणि ११५ रुग्णांना ठरवलेल्यापेक्षा बरीच जास्त मात्रा मिळाली. यंत्रात बिघाड नव्हता. चूक गणनेतच होती. महत्त्वाचे मापन दुसऱ्या व्यक्तीने स्वतंत्रपणे पडताळून पाहावे, हा नियम वैद्यकीय भौतिकीच्या शिक्षणात आवर्जून शिकवला जातो, त्याचे कारण अशा घटनांमध्ये आहे.

भारतातील इतिहास

मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले. तेथील भौतिकी विभागाची उभारणी करणारे डॉ. रामय्या नायडू हे भारतातील वैद्यकीय भौतिकीचे आद्य प्रवर्तक मानले जातात. त्या काळी रेडियमपासून निघणारा रेडॉन वायू सूक्ष्म नळ्यांत बंद करून उपचारांसाठी वापरत असत. रेडॉनचा अर्धायुकाल सुमारे ३.८ दिवसांचा असल्याने मात्रेचा हिशेब सतत करावा लागे.

कोबाल्ट यंत्रांचा प्रसार होऊ लागल्यावर प्रशिक्षित मनुष्यबळाची निकड वाढली. तुर्भे येथील अणुशक्ती संस्थेने १९६२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने किरणोत्सार भौतिकीचा एक वर्षाचा पदविका अभ्यासक्रम सुरू केला. हीच संस्था पुढे भाभा अणुसंशोधन केंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. भारतीय वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांची संघटना १९७६ मध्ये, तर अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये स्थापन झाले.

प्रवेश व अभ्यासक्रमाचे प्रकार

या क्षेत्रात प्रवेशाचे मुख्यतः दोन मार्ग आहेत. पहिल्यात विद्यार्थी भौतिकीत एम.एस्सी. पूर्ण करून किरणोत्सार भौतिकीची पदविका घेतो. भाभा अणुसंशोधन केंद्राचा अभ्यासक्रम या प्रकारचा आहे. दुसऱ्या मार्गात भौतिकी हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. झालेला विद्यार्थी थेट वैद्यकीय भौतिकीच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतो. चेन्नईचे अण्णा विद्यापीठ, कोइंबतूरचे भारतियार विद्यापीठ आणि चंडीगढचे पंजाब विद्यापीठ यांनी असे अभ्यासक्रम चालवले आहेत. दोन्ही मार्गांत भौतिकीचा पाया अनिवार्य असतो. वैद्यकशास्त्राची पदवी लागत नाही; मात्र शरीररचना, शरीरक्रिया आणि कर्करोगाचे स्वरूप हे विषय अभ्यासक्रमातच शिकवले जातात.

अभ्यासविषय

मात्रामापन हा अभ्यासक्रमाचा कणा आहे. मानवी शरीरात बहुतांश पाणी असल्याने मापनासाठी पाण्याने भरलेली टाकी शरीराच्या जागी घेतात. तिला फँटम म्हणतात. तीत ठरावीक खोलीवर आयनीकरण कक्ष ठेवून विद्युतभार मोजतात. तापमान व हवेचा दाब यांनुसार कक्षातील हवेचे वस्तुमान बदलते, म्हणून वाचन त्याप्रमाणे दुरुस्त करावे लागते.

किरणोत्सर्गी क्षयाचा हिशेब हा याचाच भाग आहे. कोबाल्ट-६० चा अर्धायुकाल ५.२७ वर्षे आहे, म्हणजे स्रोताची तीव्रता दरमहा सुमारे १.१ टक्क्याने घटते. तीच मात्रा देण्यासाठी उपचाराचा वेळ त्या प्रमाणात वाढवावा लागतो. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात स्रोत अर्बुदाजवळ नेऊन ब्रॅकीथेरपी देतात. तीत वापरल्या जाणाऱ्या इरिडियम-१९२ चा अर्धायुकाल सुमारे ७४ दिवस असल्याने तेथे जवळपास तेवढीच घट दररोज होते. या उपचारात अंतराचाही मोठा परिणाम होतो. लहान स्रोतापासूनचे अंतर १ सेंटिमीटरवरून २ सेंटिमीटर झाले, की मात्रा साधारण एक-चतुर्थांशावर येते.

निदान विभागात क्ष-किरण, सीटी, एमआरआय, श्राव्यातीत ध्वनी आणि अणुवैद्यक यांमागील भौतिकी शिकवली जाते. पेट तपासणीत फ्लोरिन-१८ जोडलेले ग्लुकोजसदृश द्रव्य शिरेतून देतात. अनेक कर्कपेशी ग्लुकोज अधिक प्रमाणात ओढून घेत असल्याने ते द्रव्य तेथे साचते. त्यातून बाहेर पडलेल्या पॉझिट्रॉनचा इलेक्ट्रॉनशी संयोग होऊन विरुद्ध दिशांना दोन फोटॉन निघतात, व ते एकाच वेळी टिपून त्यांचे उगमस्थान काढले जाते. फ्लोरिन-१८ चा अर्धायुकाल सुमारे ११० मिनिटे असल्याने त्याची निर्मिती, वाहतूक व तपासणी यांचे वेळापत्रक काटेकोर ठेवावे लागते.

उपचार नियोजनात सीटी प्रतिमांवर डॉक्टर अर्बुदाची व जपावयाच्या अवयवांची सीमा आखतात. भौतिकशास्त्रज्ञ संगणकावर किरणशलाकांची दिशा, आकार व तीव्रता ठरवून मात्रेचे वितरण काढतो. तीव्रता-नियंत्रित किरणोपचारात रेषीय त्वरकातील धातूच्या पात्यांची जागा बदलून शलाकेला अर्बुदानुरूप आकार देतात. अशी योजना रुग्णावर वापरण्यापूर्वी फँटमवर तपासली जाते. संगणकाने काढलेले उत्तर पूर्वमापनाशी ताडून पाहणे हे विद्यार्थ्याचे महत्त्वाचे कौशल्य समजले जाते.

किरणोत्सार सुरक्षेत खोलीच्या भिंतींची जाडी, दरवाजांचे स्वयंचलित कुलूपबंद, स्रोतांची ने-आण आणि आणीबाणीतील कार्यपद्धती यांचा समावेश होतो. भारतात किरणोत्साराशी संबंधित कर्मचाऱ्यांसाठी पाच सलग वर्षांची सरासरी वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात कमाल ३० मिलिसिव्हर्ट अशी मर्यादा आहे. सर्वसामान्य नागरिकांसाठी ती वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

आंतरवासिता व मान्यता

पदवी किंवा पदविकेनंतर सुसज्ज किरणोपचार विभागात बारा महिन्यांची आंतरवासिता करावी लागते. या काळात विद्यार्थी अनुभवी भौतिकशास्त्रज्ञाच्या देखरेखीखाली यंत्रांची दैनंदिन तपासणी, मात्रामापन आणि उपचार योजना तयार करणे ही कामे करतो. किरणोपचार केंद्राला किरणोत्सार सुरक्षा अधिकारीही नेमावा लागतो आणि त्या नियुक्तीस अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता लागते. बहुतेक रुग्णालयांत ही जबाबदारी पात्र वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाकडे असते.

इतर देशांतील पद्धती

अमेरिकेत पदव्युत्तर पदवी किंवा पीएच.डी. नंतर साधारण दोन वर्षांचे निवासी प्रशिक्षण आणि मंडळाची परीक्षा असा क्रम आहे. इटलीतील ट्रिएस्ट येथे आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र व ट्रिएस्ट विद्यापीठ मिळून विकसनशील देशांतील पदवीधरांना प्रामुख्याने समोर ठेवून दोन वर्षांचा अभ्यासक्रम चालवतात. त्याचे दुसरे वर्ष रुग्णालयातील प्रशिक्षणाचे असते.

कार्यक्षेत्र व संशोधन

शिक्षण पूर्ण केलेल्यांना कर्करोग रुग्णालये, अणुवैद्यक केंद्रे, नियामक संस्था, उपकरणनिर्मिती आणि अध्यापन या क्षेत्रांत काम करता येते. भाभा अणुसंशोधन केंद्राने विकसित केलेले ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्ट यंत्र या क्षेत्रातील स्वदेशी निर्मितीचे उदाहरण आहे. खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या संकुलात प्रोटॉन उपचाराची सुविधा आहे. प्रोटॉन ठरावीक खोलीवर बहुतांश ऊर्जा सोडून थांबत असल्याने अर्बुदामागील ऊती वाचवता येतात. मात्र त्यांच्या पल्ल्याच्या गणनेत काही मिलिमीटरांची चूकही महत्त्वाची ठरते. त्यामुळे उपचार अधिक नेमके होत असताना मापन व पडताळणीचे काम कमी होत नाही, उलट वाढते.